मैदानात पुकारलेली नावे

काही वर्षांपूर्वी मी एक नेम धरला होता. शहरातल्या मोठ्या मैदानावर सामना होता आणि माझा मुलगा श्रीरंग तो बघायला गेला होता. आपला संघ हरला. थोड्या वेळाने टीव्हीवर पेटलेल्या खुर्च्या दिसू लागल्या, धावणारी माणसं दिसू लागली. श्रीरंगचा फोन काही लागेना. मी देवघरात जाऊन बसले. एरवी अशा वेळी मी म्हणते, देवी, माझ्या लेकराला सुखरूप आण, तुझी ओटी भरीन. त्या दिवशी ओठांवर निराळंच आलं. म्हटलं, तो ज्या गर्दीत सापडलाय ना, तिच्यातली एकूणएक माणसं आपापल्या घरी पोचव. एकाच्याही हातात दगड राहिला, तर माझ्या मुलाची वाट सुखाची कशी होणार? आणि तिथेच कबूल करून टाकलं की वर्षभर रोज एका अशा माणसाला त्याचं नाव विचारीन, ज्याच्याशी माझी नित्याची गाठ पडते पण नाव ठाऊक नाही. सांजवात लावताना ते नाव देवापुढे घेईन.

श्रीरंग तिन्हीसांजेला आला. एका पायात चप्पल होती, दुसरी गर्दीने नेली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

वर्षभर नेम पाळला. उद्यापनाला शेजारणी जमल्या. आपल्याकडे व्रत म्हटलं की कहाणी लागते. माझ्या या घरगुती व्रताला कहाणी कुठून असणार? मग मीच एक जुळवली आणि त्यांना सांगितली. तीच इथे लिहिते.

एकदा एक गाव होते. नदीकाठी ग्रामदेवतेचे देऊळ, देवळामागे कुस्तीचे मैदान, आणि मैदानाला लागून एक जुनी तालीम. तिथे एक वृद्ध वस्ताद राहत. त्यांच्या हाताखाली गावातला एक तरुण तयार झाला होता. अंगाने भरलेला, स्वभावाने शांत. गाव त्याला लाडाने ‘आमचा पैलवान’ म्हणे. यात्रेतली शेवटची, मानाची कुस्ती त्याची असे, आणि ती पाहायला पंचक्रोशीतून लोक येत.

एके वर्षी नदीपलीकडच्या पैलवानाशी त्याची जोड लागली. बराच वेळ झुंज चालली आणि अखेर गावच्या पैलवानाची पाठ मातीला टेकली. निकाल स्पष्ट होता. परंतु क्षणभरातच मागून कोणीतरी ओरडले, “विकली! कुस्ती विकली!” मग काय झाले ते कोणालाच नीट सांगता येत नाही. मंडप पेटला. पंचांचे डोके फुटले. नदीपलीकडून आलेल्या गाड्या उलथवल्या गेल्या. बाजारपेठेतली दुकाने फुटली. शेवटी तो लोंढा पैलवानाच्या घराकडे वळला. त्याची आई खिडकी लावून घेत होती. एक दगड आला आणि तिच्या कपाळावर बसला.

जखम भरून आली. पण ती माउली त्यानंतर घराबाहेर पडेनाशी झाली. पूर्वी तिच्या ओट्यावर दुपारभर बायका बसत. आता दार सदा लावलेले असे. मुलगा समजूत घालू लागला की ती म्हणे, “मला दगडाचं भय नाही रे. मारणारा कोण, तेवढं कळायला हवं होतं. आता दूधवाला आला तरी वाटतं, हा होता का? भाजीवाला हसला तरी वाटतं, हा होता का? कुणाकुणाला धरू आणि कुणाला सोडू?”

पुढची यात्रा महिन्यावर आली. उत्सवाचे प्रमुख गावातले एक कापडाचे व्यापारी होते. लोक त्यांना शेठजी म्हणत. ते तालमीत आले आणि बसता बसता म्हणाले, “वस्ताद, हीच जोड पुन्हा लावायची. गावाचं नाक आहे. यंदा बंदोबस्त मात्र चोख. बांबूचं कुंपण, दोन्हीकडच्या लोकांना वेगळी दारं, काठीवाले रक्षक. काय पैलवान, तयारी आहे ना?”

शिष्य खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला, “शेठजी, मी लढत नाही.”

“का? भ्यालास?”

“समोरच्याला नाही भ्यालो. मी पडलो तर लोक पुन्हा आईच्या दारावर येतील. तुमचं कुंपण मैदानाला आहे, आमच्या घराला नाही.”

“मग पडू नकोस म्हणजे झालं,” असे म्हणून शेठजी मोठ्याने हसले.

वस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, “न पडणारा पैलवान या मातीनं अजून पाहिलेला नाही, शेठजी. तुम्ही जोड लावा. हा लढेल. त्याच्या आईची काळजी माझ्यावर.” मग शिष्याकडे वळून म्हणाले, “पहाटेची मेहनत चालू ठेव. संध्याकाळची मात्र आजपासून बंद. रोज दिवस मावळायच्या आधी गावात जायचं. तुझ्या कुस्तीला येणारा एखादा माणूस गाठायचा. त्याला नाव विचारायचं, दोन घटका त्याच्याजवळ बसायचं, आणि तो कोण ते मला येऊन सांगायचं.”

शिष्याला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली. “वस्ताद, तो नदीपलीकडचा गडी दोन्ही वेळ माती अंगावर घेतोय. आणि मी लोकांची नावं विचारत फिरू?”

“फीर.”

गुरूची आज्ञा होती. तो निघाला. पहिल्या दिवशी बाजारात कडब्याच्या पेंढ्या उतरवणाऱ्या एका माणसाला त्याने नाव विचारले. तो दचकला. “कशाला? गेल्या सालचं प्रकरण काढताय का पुन्हा? मी नव्हतो त्यात.” दुसऱ्या दिवशी चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या म्हाताऱ्याने चाक थांबवून त्याला खालून वर न्याहाळले आणि विचारले, “निवडणुकीला उभा राहतोयस का, बाबा?” शिष्य ओशाळून परतला. वस्तादांनी विचारले, “कोण भेटलं?”

“एक धारवाला.”

“ते त्याचं काम झालं. माणूस कोण?”

तिसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा त्याच म्हाताऱ्यापाशी जाऊन बसला. म्हाताऱ्याचे नाव हुसेन शिकलगार. तरुणपणी तोही लंगोट लावून मातीत उतरला होता आणि पहिल्याच कुस्तीत खांदा निखळल्यावर घरच्यांनी त्याला पुन्हा उतरू दिले नव्हते. “तू घिस्सा डाव मारतोस ना, तेव्हा हा माझा खांदा आपोआप हलतो बघ,” असे म्हणून त्याने खांदा हलवून दाखवला. त्या दिवशी शिष्य जरा उशिरानेच तालमीत परतला.

हळूहळू त्याला बसायची सवय झाली, लोकांना त्याची सवय झाली. वस्तादांनी त्याला नदीपलीकडेही धाडले. तिकडचे लोक आधी टिंगल करीत. “का हो पैलवान, आमच्या गड्याचा डाव चोरायला आलात?” मग तेही आपापले सांगू लागले.

एकदा त्याला बाजारातला एक हमाल भेटला. पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून तो बसला होता. शिष्याने नाव विचारले तेव्हा तो सरळ होऊन बसला. मग म्हणाला, “दौलत. पण या बाजारात ते कुणाला ठाऊक नाही. इथं सगळे ‘ए हमाल’ म्हणतात. घाई असली तर नुसतं ‘ए’.”

“कुस्तीला येता ना तुम्ही?”

“सकाळीच जाऊन जागा धरतो. तू जिंकलास ना पैलवान, की दोन दिवस मी बाजारातनं मान वर करून चालतो. शेठसुद्धा विचारतो, काय रे, पाहिलीस का कुस्ती? तेवढीच माझ्याशी बोलण्याची गोष्ट असते त्याच्याकडे.”

“आणि मी हरलो की?”

“हरलास की परत पोतं,” एवढेच म्हणून दौलत उठला.

शिष्याने हे सारे वस्तादांना सांगितले. वस्तादांनी डोळे मिटून ऐकून घेतले. शिष्याचा जीव मात्र कासावीस होत होता. कुस्तीचा दिवस जवळ येत होता आणि त्याला आईच्या दाराखेरीज दुसरे काही सुचत नव्हते.

यात्रेचा दिवस उजाडला. मैदान फुलून गेले. मातीत हळद आणि ताक कालवले होते, हलगी घुमत होती, कमानीवर पाहुण्यांची नावे रंगवली होती. बांबूंच्या कुंपणाअलीकडे एक गाव, पलीकडे दुसरे गाव, मध्ये काठीवाले. माणसे कुस्तीपेक्षा एकमेकांकडेच अधिक पाहत होती.

मानाच्या कुस्तीआधी पाहुण्यांच्या सत्काराचा प्रघात असतो. एकेकाचे नाव भोंग्यावरून पुकारायचे, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. तास तास ते चालते. वस्ताद शेठजींपाशी गेले आणि म्हणाले, “यंदा सत्काराचा वेळ माझ्या शिष्याला द्या.”

“अहो वस्ताद, पाहुणे मोठमोठाले आहेत. रागावतील.”

“त्यांची नावं कमानीवर आहेत. शिवाय त्यांना घरीदारी सगळे नावानंच बोलावतात.”

शेठजींनी एकदा पाहुण्यांकडे पाहिले, एकदा कुंपणाकडे पाहिले. गेल्या वर्षी त्यांच्याच दुकानाच्या फळ्या जळाल्या होत्या. “पण थोडक्यात आटपा,” ते म्हणाले.

शिष्य लंगोटावरच भोंग्यापाशी उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. घसा खाकरून तो म्हणाला, “हुसेन शिकलगार. यांच्या खांद्यात अजून कुस्ती आहे.” म्हातारा गर्दीतून उठून उभा राहिला. लोक हसले. मग शिष्य म्हणाला, “पलीकडल्या काठावरचे लिंगाप्पा तेली. यांनी आमच्या मैदानाला तेल दिलं. मी विचारलं, आमच्या गावाला कसं? तर म्हणाले, माती कुठे गाव बघते.” कुंपणापलीकडे एक गृहस्थ लाजून उठले. मग त्याने बाळकृष्ण शिंप्याचे नाव घेतले, नरसू कोळ्याचे घेतले, आणि मग म्हणाला, “दौलत. बाजारात पोती वाहतात. आज सगळ्यांच्या आधी येऊन बसलेत.” पुढच्या रांगेत तो हमाल उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. एकाने त्याची पाठ थोपटली आणि विचारले, “अरे, तुझं नाव दौलत होय? मी इतकी वर्षं तुझ्याकडनं माल उचलून घेतोय.”

अशी नावे होत गेली. हसणे हळूहळू थांबले, लोक कान देऊन ऐकू लागले. मध्येच एकजण ओरडला, “आमचं राहिलं की, पैलवान!” शिष्य म्हणाला, “तुमची गाठच पडली नाही. आता सांगा.” त्याने सांगितले. मग दुसऱ्याने. मग लोक भोंग्याची वाट न पाहता शेजारच्याला विचारू लागले. कुंपणाच्या दोन्ही अंगांनी “तुम्ही कुठले हो?” “कुणापैकी?” असे सुरू झाले. शेठजी एकसारखे सूर्याकडे पाहत होते. वस्ताद मात्र स्वस्थ बसले होते.

अखेर सलामी झडली. कुस्ती लागली. दोघेही बरोबरीचे होते. शिष्याने पट काढला, तो समोरच्याने सोडवला. माती उडाली, घाम निथळला, हलगीचा ताल चढला. आणि मग, एका बेसावध क्षणी, शिष्याची पाठ पुन्हा मातीला लागली.

शिष्य मातीत पडल्यापडल्या आकाशाकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे आईची खिडकी होती. आणि तेवढ्यात मागच्या बाजूने तीच आरोळी आली, “विकली! कुस्ती विकली!”

माना मागे वळल्या. हुसेन शिकलगार उठून म्हणाला, “कोण रे? भिकू, तू का? आत्ताच तर नाव सांगितलंस मला. ये की पुढं. कुणी विकली, कुणाला विकली, सांग बघू सगळ्यांना.”

भिकू उभा होता तिथेच चुळबुळला. “तसं नाही, चाचा. मी आपलं... तोंडातनं गेलं.”

“तोंडातनं गेलं तर आता तोंडात घाल,” कोणीतरी म्हणाले आणि सगळे मैदान हसले. भिकूही हसला. ज्यांच्या मुठी वळल्या होत्या त्यांच्या मुठी हसता हसता सुटल्या. शिष्य उठला. त्याने विजयी पैलवानाचा हात धरून उंच केला. कुंपणाच्या अलीकडूनही टाळ्या पडल्या.

शिष्याने अंगावरची माती झटकली न झटकली, तोच त्याला दिसले की माणसांचा एक घोळका त्याच्या आळीकडे निघाला आहे. तो तसाच धावत सुटला. वस्ताद काठी टेकत मागून निघाले.

दौलतच्या मागोमाग आलेली माणसे घरापुढे उभी होती. दार उघडे होते. उंबऱ्यात त्याची आई उभी होती आणि पायरीखाली दौलत हात जोडून उभा होता.

“माझाच हात होता, मावशी,” दौलत म्हणत होता. “गेल्या साली. मला वाटलं, हा पडला म्हणजे मीच पडलो. दगड कधी उचलला ते कळलं नाही. तुम्ही खिडकीत होता हेसुद्धा नंतर कळलं. वर्षभर या आळीतनं पोतं न्यायचं टाळलं मी. आज तुमच्या मुलानं सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. आता मला लपवेना.”

शिष्याच्या मुठी आवळल्या. तो पुढे सरसावला. आईने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने हात कपाळाच्या वणावर नेला, दौलतकडे निरखून पाहिले आणि एक मोठा, खोल श्वास सोडला. वर्षभर कोंडलेला तो श्वास होता.

“एकच होता होय?” ती म्हणाली. “मी तर सगळ्या गावाला धरून बसले होते. किती जड झालं होतं मला ते.” मग डोळ्यांना पदर लावत म्हणाली, “आत या सगळे. वहाणा मात्र बाहेर काढा, आत्ताच सारवलंय. दौलत, तुला चहात गूळ चालतो ना?”

माणसे ओट्यावर दाटीवाटीने बसली. शेठजीही येऊन पोचले. त्यांना बसायला जागा राहिली नव्हती, तेव्हा दौलत सरकला आणि ते त्याच्या शेजारी टेकले. वस्ताद एका कडेला बसले होते. शिष्य त्यांच्या पायापाशी बसला आणि म्हणाला, “वस्ताद, तुम्ही मला डाव का शिकवला नाहीत आणि नावं का विचारायला लावलीत, ते अजून नीट उमगत नाही.”

वस्ताद सावकाश बोलू लागले. “बाळ, लोक म्हणतात, खेळापायी दंगल होते. खेळ बिचारा निमित्त आहे. ज्या माणसाला वर्षभर कोणी नावानं हाक मारीत नाही, त्याला कुठेतरी आपण कुणीतरी आहोत असं वाटायला हवं असतं. म्हणून तो आपली सगळी अब्रू तुझ्या खांद्यावर ठेवतो. तू जिंकलास तर तो जिंकला. तू पडलास तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही, आणि काहीच न उरलेला हात दगडच उचलतो. त्यात गर्दीला चेहरा नसतो, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही. मग लाज कुणाची धरायची? ही गावाची चूक आहे, आपल्या सगळ्यांची. आणि तुला तरी ते कुठे ओळखत होते? त्यांचा तू ‘पैलवान’ होतास. पैलवान मोडला की खेळणं मोडल्यासारखं फेकून द्यायचं. आज तू ते अब्रूचं ओझं थोडं त्यांचं त्यांना परत दिलंस. म्हणून तुला पडता आलं. पडूनही घरी येता आलं.”

मग हुसेन शिकलगाराने विचारले, “खरंच की. पैलवान, तू आम्हा सगळ्यांची नावं पुकारलीस. तुझं स्वतःचं नाव काय रे? आम्ही आपले जन्मभर पैलवानच म्हणत आलो.”

त्याने नाव सांगितले. आईने ते आतून दुरुस्त करून, वडिलांच्या नावासकट, पुन्हा सांगितले. सगळे हसले, आणि चहा आला.

तर अशी ही कहाणी. उद्यापनाला ती ऐकून एकीने विचारलं, “पण एवढ्यानं दंगली थांबतील का हो?” मी काय सांगणार? मला तर एवढंच ठाऊक आहे की मैदानात जाणारी ती माणसं कुठल्या दुसऱ्या देशातून येत नाहीत. आपल्याच जिन्यावरून, आपल्याच दारावरून जातात. वर्षभरात माझी कितीतरी जणांशी ओळख झाली. सिलिंडर घेऊन येणारे नामदेव, गेटवर बसणारे यशवंतराव, जिना पुसणाऱ्या कौसल्याबाई. आता श्रीरंग सामन्याला निघाला की मला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. त्या गर्दीत आपल्या ओळखीचं कोणीतरी असेल, असं वाटतं.

या व्रताला उपास नाही, सोवळं नाही, वाण नाही. पुरुषांनीही करावं, मुलांनीही करावं. तेव्हा माझी एवढी विनंती ऐका. उद्या सकाळी जो कोणी तुमच्या दाराशी येईल आणि ज्याला तुम्ही नुसतं “अहो” म्हणता, त्याला थांबवून त्याचं नाव विचारा, आणि संध्याकाळी दिवा लावताना तेही नाव घ्या.